पाय धुण्याचा कार्यक्रम

शिबिराच्या पहिल्या सकाळी कुंदन सरांनी आठवीच्या मुलांना एकमेकांना मिठ्या मारायला लावल्या, आणि टिळेबाईंच्या मनात या माणसाबद्दल जी अढी बसली ती शेवटपर्यंत सुटली नाही. बाईंना मिठीचं वावडं नव्हतं. पण ‘घट्ट, अजून घट्ट, सोडायचं नाही’ असं कोणी माइकवरून सांगावं आणि पोरांनी अंग चोरून, हसू दाबून ते करावं, याला प्रेम म्हणायचं की कवायत, हे त्यांना कळेना. मिठ्या संपल्यावर हात वर करून ‘मी आनंदी आहे’ असं ओरडायचं होतं. मुलं ओरडली. हरसूलच्या डोंगरावरून तो आवाज परत आला, तेव्हा कुंदन सर म्हणाले, “बघा, निसर्गसुद्धा आनंदी झाला.”

शुभांगी टिळे नाशिक रोडच्या एका शाळेत मराठी शिकवायच्या. पोरांना डोंगरात न्यावं म्हणून मुख्याध्यापकांच्या मागे त्याच लागल्या होत्या. मुलं मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलेली, घरात कोणाला बोलायला फुरसत नाही, पुढच्या वर्षापासून क्लासचा चरक सुरू. तीन दिवस तरी मोकळ्या हवेत जाऊ देत, चूल पेटवू देत, ओढ्यात पाय बुडवू देत, आपापसांत भांडून आपणच मिटवू देत, एवढंच बाईंच्या डोक्यात होतं. मुख्याध्यापकांना ते पटलं. फक्त ते म्हणाले की आता या गोष्टी तज्ज्ञांकडून करून घेतात. अशा रीतीने ओढा बाजूला राहिला आणि कुंदन सर आले.

कुंदन सर स्वतःला लाइफ कोच म्हणवत. पांढराशुभ्र कुर्ता, मनगटाला तीन-चार गंडेदोरे आणि कानाला लावलेला माइक, जो ते जेवतानाही काढत नसत. बरोबर अमोल नावाचा कॅमेरेवाला. मुलं जिथे जिथे हसतील, पडतील किंवा रडतील तिथे तिथे अमोल हजर. दुपारी ‘श्रमप्रतिष्ठा’ या विषयावर सत्र झालं. पडद्यावर झाडूवाल्याचे, गवंड्याचे, शेतकऱ्याचे हात दाखवले, मुलांनी त्या हातांना टाळ्या वाजवल्या. त्याच वेळी मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाड्यावरच्या दोन बायका याच मुलांची उष्टी ताटं घासत होत्या. निम्म्या ताटांत भात तसाच टाकलेला. बाईंनी सुचवलं, पोरांना आपापली ताटं घासू द्या की. कुंदन सर गोड हसले आणि म्हणाले, “मॅडम, तेवढा वेळ शेड्यूलमध्ये नाही.”

हे सगळं बाईंनी गिळलं असतं. शाळेत नोकरी करणाऱ्या माणसाला बरंच काही गिळायची सवय असते. पण त्यांचा जीव अडकला होता तो निकितामध्ये.

निकिता पळशाची. घरची दोन-अडीच एकर जमीन, तीत मेथी, कोथिंबीर, पालक. दोन वर्षांपूर्वी तिची आई कावीळ होऊन गेली. तेव्हापासून ही पोरगी वर्गात बसायची ती भिंतीला टेकून. विचारलं तर उत्तर द्यायची, नाही विचारलं तर दिवसभर शब्द नाही. मागच्या वर्षी बाप संतोषने दुसरं लग्न केलं. नांदगावकडची सरुबाई घरात आली. वयाने संतोषएवढीच, पहिल्या घरी मूल होत नाही म्हणून टाकलेली. शेतात राबणारी, तोंडाने फटकळ, मनात काही न ठेवणारी. निकिताने तिला वर्षभर कुठल्याच नावाने हाक मारली नाही. हवं ते भिंतीकडे बघून मागायची. सरुबाईनेही कधी ‘मला आई म्हण’ असा लकडा लावला नाही.

आणि दोन महिन्यांपूर्वी मार्केटमध्ये भाजी घेताना सरुबाईने बाईंच्या पिशवीत मेथीची एक जुडी जास्तीची कोंबली. पैसे घेईना. “मॅडम,” ती खालच्या आवाजात म्हणाली, “काल तिनं मला मम्मी म्हनली. डबा इसरली व्हती, तर गेटातून वरडली, मम्मी डबा. मी मागं वळून पाह्यलं, मला वाटलं दुसऱ्याच कोनाला म्हनती.” एवढं सांगून ती लगेच दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली. गेलेल्या आईला निकिता ‘आई’ म्हणायची. ते नाव तिने आईपाशीच ठेवलं होतं आणि हिच्यासाठी वेगळं काढलं होतं. आठवीतल्या पोरीने कोणाच्याही शिबिराशिवाय लावलेली ही व्यवस्था बाईंना फार शहाणपणाची वाटली. आता फक्त तिला कोणी धक्का लावू नये, इतकंच त्यांना हवं होतं.

म्हणून तर पहिल्या संध्याकाळी त्यांनी कुंदन सरांना बाजूला घेतलं. वेळापत्रकात दुसऱ्या दिवशी ‘आई’ नावाचं सत्र होतं आणि शेवटच्या दिवशी पालकांना बोलावून मुलांनी त्यांचे पाय धुवायचे होते. बाईंनी निकिताची सगळी हकीकत सांगितली. आई कधी गेली, सरुबाई कोण, ते ‘मम्मी’ कसं नुकतंच तोंडी आलंय. तिला यात ओढू नका, पाय धुताना तिच्या सावत्र आईला इतर पालकांसारखंच बसवा, वेगळं काही करू नका, असं बजावलं.

कुंदन सरांनी छातीवर हात ठेवला. डोळे ओले केले. “मॅडम, बरं झालं सांगितलंत,” ते म्हणाले. “मुलांचं मन हाच माझा विषय आहे.”

त्या ‘बरं झालं’चा अर्थ बाईंना उशिरा कळायचा होता. चोराच्याच हाती किल्ल्या दिल्या, असं पुढे त्या स्वतःला कितीदा म्हणाल्या असतील.

दुसऱ्या दिवशी ‘आई’ सत्राच्या वेळी बाईंनी निकिताला स्वयंपाकघरात मटार सोलायला बसवलं आणि स्वतः हॉलच्या दाराशी उभ्या राहिल्या. भरदुपारी पडदे ओढलेले. बासरी लावलेली. कुंदन सर खर्जात बोलत होते. “डोळे मिटा. तुम्ही शाळेतून घरी आलात. दारात चपलाच चपला आहेत. शेजारच्या काकू रडताहेत. आत कोणाला तरी झोपवलंय. तोंडावरचा पदर बाजूला करा. कोण आहे ते?” पहिला हुंदका पुढच्या रांगेतून आला, मग सगळ्या हॉलने सूर धरला. ज्यांच्या आया त्या क्षणी घरी टीव्हीसमोर वाल निवडत बसल्या असतील, त्या मुलांनी मनातल्या मनात आया मारून, त्यांच्या तोंडावरचे पदर काढून, धाय मोकलून रडून घेतलं. अमोल गुडघ्यावर रांगत एकेकाच्या डोळ्यांजवळ कॅमेरा नेत होता. बाईंना ते बघवेना. त्या व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या.

सत्र संपलं तसे पडदे उघडले आणि सगळ्यांना आइस्क्रीम वाटलं. चमचे चाटत दोन मुलं बाईंच्या अंगावरून गेली. “तुला आलं का रडू?” एकाने विचारलं. दुसरा म्हणाला, “नाही रे. मी थुंकी लावली. तो कॅमेरा हलतच नव्हता.” जीवनकौशल्य म्हणतात ते हेच असावं, असं बाईंच्या मनात आलं.

कुंदन सर घाम पुसत बाहेर आले. “निकिता दिसली नाही,” ते म्हणाले.

“तिला मी बाहेर ठेवलं.”

“हरकत नाही. तिच्यासाठी मी उद्या वेगळं काहीतरी ठरवलंय.”

“काय ठरवलंय?”

“सरप्राइज,” ते म्हणाले, आणि आइस्क्रीमचा कप घेऊन निघून गेले.

तिसऱ्या दिवशी पालकांची बस आली. मैदानात मांडव घातला होता. खुर्च्यांच्या रांगा, प्रत्येक खुर्चीपुढे परात, तांब्या, हळदकुंकू, झेंडूची फुलं आणि घडी घातलेला नॅपकिन. संतोषला माल घेऊन मार्केटला जावं लागलं होतं, म्हणून सरुबाई एकटीच आली होती. जांभळी साडी नवी होती, तिची खळ अजून मोडली नव्हती. बाईंना बघून ती हसली आणि न विचारताच साडी जराशी उचलून पाय दाखवले. “दोन दिस घासले दगडानं. मेथीत उभं राहून राहून भेगांत माती बसती, निघतच नाय. पोरगी हात लावनार, म्हनलं घान नको लागाया.”

बाईंना भरून आलं. इतक्यात सरुबाई पुढे म्हणाली, “सरांचा फोन आलता परवा. थोरलीचा फोटो द्या म्हनले, निकिताच्या भल्यासाठी हे. मी भिंतीवरचा खाली काढला, हार काढला, काच पुसली अन् मोबाइलवर काढून पाठवला. नीट आला का वो?”

 बाईंनी स्टेजकडे पाहिलं. मधोमध एक खुर्ची ठेवली होती आणि तिच्यावर भगव्या कापडाखाली चौकोनी, मोठं काहीतरी झाकलेलं होतं.

त्या तशाच तरातरा कुंदन सरांकडे गेल्या. “तो फोटो काढून घ्या,” त्या म्हणाल्या. “तिची आई इथे आली आहे. तिथे, ती जांभळ्या साडीतली.”

“मॅडम, ती आई नाही,” कुंदन सर लहान मुलाला समजावतात तसं म्हणाले. “आत दाबून ठेवलेलं दुःख बाहेर यावं लागतं. नाहीतर त्याचा कॅन्सर होतो. यावर संशोधन आहे.”

“मी तुम्हाला हे तिला वाचवायला सांगितलं होतं.”

“आणि मी तिला वाचवतोच आहे.”

मुख्याध्यापक पाहुण्यांना घेऊन पहिल्या रांगेत येत होते. त्यांनी बाईंना डोळ्यांनीच दटावलं. “टिळे मॅडम, बसून घ्या. जे असेल ते नंतर.” इतक्या वर्षांच्या सवयीने बाई बसल्या. बसल्या आणि त्याच क्षणी त्यांना स्वतःची शिसारी आली, पण पाय पुन्हा उचलेनात.

खुर्च्या भरल्या. सरुबाई दुसऱ्या रांगेत कडेला बसली होती, परातीकडे बघत, पाय जवळ घेऊन. अमोल रांगांतून फिरत तिच्यापाशी थांबला. “काकू, तुम्ही निकिताकडून ना? मग उठा जरा. ही खुर्ची पालकांसाठी आहे. तिच्या आईची खुर्ची स्टेजवर आहे.” तो उद्धटपणे बोलला नाही, सांगितलेलं काम करत होता. सरुबाई गोंधळून उठली. मांडवाच्या अगदी मागच्या खांबाशी जाऊन, पायांतल्या चपला काढून उभी राहिली. देवळात मागे उभ्या राहणाऱ्या माणसासारखी.

कार्यक्रम सुरू झाला. मुलं तांब्याने पाणी ओतत होती, आया रडत होत्या, बाप चष्मे पुसत होते. कालचीच बासरी वाजत होती. वर कुंदन सर. “ज्या पायांनी तुमच्यासाठी काटे तुडवले, ते पाय धुवा. आज धुवा, उद्या नसतील.” मेल्या म्हशीला मणभर दूध, पण इथे तर म्हशी जिवंत होत्या, समोर बसल्या होत्या, आणि तरीही मेल्याशिवाय त्यांची किंमत लावता येत नव्हती. मग कुंदन सरांनी बासरीचा आवाज खाली आणला आणि म्हणाले, “पण आपल्यात एक मुलगी अशी आहे जिच्या नशिबात हे पाय नाहीत. निकिता, बाळा, वर ये.”

निकिता उठली. कशाला बोलावलंय ते तिला माहीत नव्हतं. ती स्टेजवर चढली आणि कुंदन सरांनी कापड ओढलं.

फोटो भला मोठा करून घेतला होता. भिंतीवर छोट्या चौकटीत हसणारी बाई आता खुर्चीभर झाली होती. इतकी मोठी केल्यामुळे चेहरा भुरकट झालेला, डोळे फाटलेले. सगळ्या मांडवाने एकदम श्वास घेतला. “जगात सगळं दुसरं मिळतं,” कुंदन सर म्हणाले, “दुसरं घर मिळतं, दुसरी नोकरी मिळते. आई दुसरी मिळत नाही.” बायकांनी पदर तोंडाला लावले. टिळेबाईंनी मागे वळून पाहिलं. सरुबाई खाली मान घालून ऐकत होती, आणि इतर बायकांनी मान डोलावली तशी तिनेही डोलावली.

निकिता रडली नाही. फोटोकडे बघत राहिली. कुंदन सरांनी तिच्या हातात भरलेला तांब्या दिला. “धू आईचे पाय,” ते हळुवार म्हणाले.

निकिताने फोटो खालपर्यंत पाहिला. तो खांद्यांशी संपत होता. “सर,” ती म्हणाली, आणि माइकमुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं, “यात पाय नाहीत.”

मुलांमध्ये खसखस पिकली. कुंदन सरांचा चेहरा क्षणभर पडला, पण असल्या माणसांना सावरायला वेळ लागत नाही. “मनाने बघ, बाळा,” ते तिच्या पाठीवर थोपटत म्हणाले. “रड. मोकळी हो. आईला सांग, तू गेल्यापासून मला कोणीच नाही.” त्यांनी हातातला दुसरा माइक तिच्या तोंडाशी धरला. ते थोपटणं थांबेना. समोर सगळा वर्ग, खाली अमोलचा कॅमेरा, बाजूला ते फाटलेले डोळे. पोरगी शेवटी पोरगीच. तिचा ओठ थरथरला, नाक वाहायला लागलं, आणि तिचं फुरफुरणं, नाक ओढणं, अडकलेला श्वास, सगळं दोन्ही स्पीकरमधून मैदानभर ऐकू यायला लागलं. कुंदन सर माइक आणखी जवळ नेत होते. इतकं घाणेरडं दृश्य आपण आयुष्यात पाहिलं नाही, असं बाईंना वाटलं.

“सांग, बाळा. मला कोणीच नाही.”

निकिताने ते म्हटलं नाही. ती वळली. तांब्या दोन्ही हातांनी धरून स्टेजच्या पायऱ्या उतरली आणि खुर्च्यांच्या मधून चालायला लागली. पाणी हिंदकळून तिच्या फ्रॉकवर सांडत होतं. मुख्याध्यापक मागे वळून बघायला लागले, पालकांनी पाय आत घेऊन वाट दिली. ती थेट मागच्या खांबाशी गेली, सरुबाईपुढे उकिडवी बसली आणि तांब्या कलता केला.

“थांब, थांब,” कुंदन सर माइकवरून ओरडले. “एक मिनिट, निकिता. ओतू नकोस. अमोल, तू तिकडे आहेस का? नाही ना? मग आपण हे परत घेऊ. बाळा, तू पुन्हा स्टेजवर ये. आईच्या फोटोला नमस्कार कर आणि तिथून चालत ये, आत्ता आलीस तशीच. काकू, तुम्ही जरा उजेडात उभ्या राहा. अप्रतिम होणार आहे हे.”

निकिता थांबली. शाळेत सांगितलेलं ऐकायचं, हे तिच्या अंगात मुरलेलं. ती तांब्या सरळ करून उठली आणि परत जायला वळली.

सरुबाईने तिचं मनगट धरलं.

“परत कशाला?” ती म्हणाली. “झालं धुवून.”

“अहो काकू, पाणी कुठे पडलं?” कुंदन सर लगबगीने मांडवातून येत होते. अमोल त्यांच्या पुढे धावत होता.

“झालं म्हनते ना मी,” सरुबाई म्हणाली. दोन दिवस दगडाने घासलेले ते कोरडे पाय तिने चपलांत सरकवले. मग निकिताच्या हातातून तांब्या घेतला, तिला खांबाशी बसवलं, ओंजळभर पाणी घेतलं आणि तिचं तोंड धुवायला लागली. तान्ह्या पोराचं धुतात तसं, गाल, हनुवटी, अंगठ्याने डोळ्यांचे कोपरे.

कुंदन सर थबकले. मग आवाज खाली आणून म्हणाले, पण कानाचा माइक चालूच होता, म्हणून ती कुजबुज दोन्ही स्पीकरमधून सगळ्यांनी ऐकली, “अमोल, हे घे. क्लोज घे. पोरीचा चेहरा सोडू नको.”

टिळेबाई कधी उठल्या ते त्यांनाही कळलं नाही. मुख्याध्यापकांनी “मॅडम” म्हणून हाक मारली ती त्यांनी ऐकली आणि सोडून दिली. त्या खांबाशी गेल्या, अमोलच्या समोर पाठमोऱ्या नव्हे, तोंड करून उभ्या राहिल्या आणि आपला उघडा तळवा कॅमेऱ्याच्या काचेवर दाबून धरला.

“मॅडम, काच खराब होईल,” अमोल म्हणाला.

“होऊ दे.”

“हात काढा मॅडम,” कुंदन सर म्हणाले. आता त्यांच्या आवाजातली बासरी गेली होती. “असा क्षण परत येत नाही.”

“नको यायला.”

 सगळा मांडव आपल्याकडे बघतोय हे बाईंना जाणवत होतं. मागे पाण्याचा आवाज येत होता. वळून बघावं, डोळे भरून बघावं, असं त्यांना फार वाटलं. मग हेच तर समोरच्या दोघांनाही वाटतंय, हे लक्षात आलं आणि त्यांनी मान ताठ धरली.

“शिंकर,” मागून सरुबाईचा आवाज आला. “असं काय पोचट? जोरात शिंकर.”

“हळू ना, मम्मी,” निकिता म्हणाली. “नाक दुखतंय.”